चाकाचा गळा

टिंग.

वाटीत नट टाकला, इतकंच. पण दुपारच्या शांततेत तो शाळेच्या घंटेसारखा वाजला आणि पलंगावर भिंगरीने कूस बदलली. मी श्वास धरून बसले. वीस मिनिटं थोपटून, दोन गोष्टी सांगून, तिसरीच्या मध्यावर स्वतःच डुलक्या खाऊन मी तिला निजवलं होतं. तिचा एक डोळा उघडला. मग दुसरा.

"आई, चाक झोपलंय?"

"हो. तूही झोप."

"ते आडवं झालं म्हणून झोपलं का?"

झालं. आता ती उठणार. भिंगरी पाच वर्षांची आहे आणि घरात तिला सगळे भिंगरीच म्हणतात, कारण या खोलीतून त्या खोलीत जायचं तरी मध्ये एक गिरकी घेतल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नाही. ती पलंगावरून उतरली, गिरकी घेतली आणि माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली.

आमच्या समोर, जुन्या वर्तमानपत्रांच्या चार थरांवर, मोटरसायकलचं मागचं चाक आडवं पडलं होतं. त्याच्या एका बाजूला दातांची लोखंडी चकती, म्हणजे स्प्रॉकेट, जिच्यावरून साखळी फिरते. सकाळी गॅरेजला जाता जाता तळमजल्यावरच्या मिस्त्रींनी चाक काढून वर आणून दिलं होतं. भिंगरी त्यांना पानेमामा म्हणते, कारण त्यांच्या खिशात कायम एक पाना असतो.

"हे दात बघ," पानेमामांनी मला दाखवलं होतं. "झिजून झिजून मांजराच्या नखांसारखे झालेत. साखळी धरणार कशी? मागच्या वर्षी साखळी बदलली तेव्हाच तुझ्या नवऱ्याला म्हटलं होतं, हेही बदलून टाक. तर म्हणे, चालतंय की."

"आता नाही चालत."

"नाहीच चालणार. आणि हे चार बोल्ट गंजलेत. आत्ता जोर केला तर डोकी तुटतील. वरून डिझेल सोड, उद्या संध्याकाळपर्यंत मुरू दे. उद्या मी आल्यावर सोडवतो. तोवर नवीन स्प्रॉकेट आणून ठेव."

"तुम्हीच आणता का, मामा? तुम्हाला कळतं."

त्यांनी दोन्ही हात कानांपर्यंत नेले. "पार्ट आणायचा तुम्ही, बसवायचा मी. वीस वर्षांचा नियम आहे. पार्ट मी आणला आणि बसला नाही, की लोक पार्टला शिव्या देत नाहीत, मला देतात."

हा शुक्रवार होता. सोमवारी सकाळी आठ वाजता मला चौदा किलोमीटरवरच्या शिलाईच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. भिंगरी होण्याआधी मी तिथे कपडे बेतायचे. मोठ्या टेबलावर कापडाचे थर, त्यांवर कागदी पॅटर्न, आणि हातात ती लांब, जड कात्री. आमच्या टेबलाच्या प्रमुख बाईंना सगळे मास्टरबाई म्हणायचे. त्यांचा आठवड्यापूर्वी फोन आला. एक जागा झालीय. "सोमवारी ये. दिवसभर तुझा हात बघते," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं झाली. हात राहिलाय की गेलाय ते एका दिवसात कळेल. आणि आठ म्हणजे आठ. सव्वाआठला आलीस तर आलीस तशी घरी जा."

आमच्याकडून तिकडे जाणारी पहिली बस नऊची. म्हणजे गाडी हवी. गाडी होती, नवऱ्याची. तो दूर एका बंदरावर क्रेन चालवतो आणि चार महिन्यांनी एकदा घरी येतो. तोवर गाडी खाली ताडपत्रीखाली उभी. गिअरची गाडी मला येते. कॉलेजात असताना दादाने शिकवली होती, पडत-झडत. गेल्या आठवड्यात काढून बघितली तर चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. साखळी दातांवरून कट-कट-कट सटकत होती.

"मी मोजू दात?" भिंगरीने विचारलं.

"मोज."

मी पहिल्या दाताला लाल दोरा बांधला, म्हणजे सुरुवात कुठे केली ते कळेल. भिंगरीने प्रत्येक दातावर बोट टेकवत मोजायला घेतलं. एकोणतीसपर्यंत गाडी धडधड आली. मग "दहावीस, अकरावीस," आणि मग सरळ "पन्नास!" हात वर करून गिरकी. मी पुन्हा मोजले. बेचाळीस. पुन्हा मोजले. त्रेचाळीस. तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं की दोरा बांधलेला दात मी दोनदा धरला होता. रात्री नीट झोप नसली की आकडे असे दोन-दोनदा येतात.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याच्या मागे वारा होता आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज.

"दात मोजलेस?"

"बेचाळीस."

"नक्की?"

"चारदा मोजले. एकदा तुझ्या लेकीने. तिचे पन्नास भरले."

तो हसला. मग दमल्यासारखा थांबला. "साखळीच्या कडीवर नंबर कोरलेला असेल."

"चारशे अठ्ठावीस."

"शाब्बास. आता बोल्टांमधलं अंतर घे. आणि मधलं भोक. ते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गाडीला दोन प्रकारची स्प्रॉकेटं येतात, आधीच्या गाडीची आणि नंतरच्या गाडीची. दिसायला जुळी भावंडं. फक्त मधल्या भोकात फरक."

"आपली आधीची की नंतरची?"

"ते मला आठवत नाही गं. मी दुसऱ्याकडून घेतलेली. मधल्याच कुठल्यातरी वर्षातली आहे."

"बरं."

"मी येईपर्यंत नाही का थांबता येणार? दोनच महिने."

"जागा थांबणार नाही."

"हं," तो म्हणाला. "नाही, ते खरंच आहे. मग नीट माप घे. काही अडलं तर फोन कर, पण चारनंतर. चारपर्यंत मी वर असतो." वर म्हणजे क्रेनच्या पेटीत, जमिनीपासून पाच मजले उंच. तिथून तो मला चाकाचं भोक मोजायला सांगत होता.

अख्खं चाकच दुकानात घेऊन जावं असं एकदा मनात आलं. सासूबाई खिडकीशी बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "जा की घेऊन. कंडक्टर म्हणेल, बाई, आमच्या बसला आहेत तेवढी चाकं पुरतात."

मग मी मला जे येतं ते केलं. चाकावर पातळ कागद पसरला, चारी बाजूंनी चिमटे लावले आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेले. हळूहळू कागदावर सगळं उमटलं. दात, चार बोल्टांची डोकी आणि मधोमध चाकाचा तो उंच गोल काठ, ज्यावर स्प्रॉकेटचं भोक मनगटात बांगडी बसावी तसं बसतं. मग ते जाड खाकी कागदावर उतरवून घेतलं. दात कापत बसायची गरज नव्हती, ते मोजले होते. बोल्टांच्या जागा बटणांच्या जागा टोचतात तशा दाभणाने टोचल्या. मधला गोल कात्रीने कापला.

तोवर भिंगरी दोनदा पाणी मागून, एकदा सांडून, एकदा शीला जाऊन आली होती. उरलेल्या खाकी कागदाचा तिने चष्मा करून मागितला. तोही कापला. चार वाजले. मी भिंतीला पाठ टेकली आणि टेकल्या जागी झोपले. किती वेळ, ठाऊक नाही. जाग आली तेव्हा भिंगरी मला थोपटत होती आणि म्हणत होती, "चाक झोपलं, आई झोपली."

शनिवारी सकाळी मी तिला पहिल्यांदाच आजीपाशी सोडून निघाले. एक प्रकारे सोमवारची रंगीत तालीमच. तीन जिने उतरेपर्यंत कान वर होते. रडण्याचा आवाज आला नाही.

सुट्या भागांची गल्ली बसने तासाभरावर. एका ओळीत वीस-पंचवीस दुकानं. छताला टांगलेल्या साखळ्या, खोक्यांवर खोकी, आणि सगळीकडे रबर आणि ग्रीसचा वास. पानेमामांनी सांगितलेल्या दुकानात एक म्हातारे काका होते. चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा नाकावर. माझ्याआधी तिघं उभे होते. काउंटरवर कोपर टेकवून मी उभी राहिले. उभ्या-उभ्या झोपता येतं हे मला बाळंतपणानंतर कळलं.

"बोला, ताई."

मी गाडी सांगितली. दात सांगितले, साखळीचा नंबर सांगितला. त्यांनी मान डोलावली.

"आधीची का नंतरची?"

"ते ठाऊक नाही. पण माप आणलंय." मी खाकी कागद काउंटरवर उलगडला.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, नाकावरचा वर सारला. कागद उजेडात धरला. "हे कुणी केलं?"

"मी."

"अरे, हे बघा रे," ते मागे कुणाला तरी म्हणाले, "याला म्हणतात माप. नाहीतर आपली गिऱ्हाइकं, दोन्ही हातांनी हवेत गोल करून दाखवतात. एवढं असेल, काका!" त्यांनी मागच्या फळीवरून दोन स्प्रॉकेटं आणली. खरंच जुळी. एकावर कागद ठेवला. टोचलेल्या चार जागा चार भोकांवर नेमक्या. पण मधल्या लोखंडी भोकात कागदाची कड चारी बाजूंनी डोकावत राहिली. दुसऱ्यावर ठेवला. चार जागा नेमक्या, आणि मधला गोल गोलावर असा बसला की काकांनी बोट फिरवून बघितलं.

"आधीची आहे तुमची गाडी," ते म्हणाले. "केसाचाही फरक नाही. घेऊन जा डोळे मिटून."

डोळे मिटून. बसमध्ये मी ते मांडीवर घेतलं, जुन्या पिशवीत, कापडात गुंडाळून. जड होतं. मला एकदम खूप बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी मी एकटीने, पहिल्या झटक्यात, बरोबर केलं होतं.

घरी आले तर भिंगरी जिन्याच्या वरच्या पायरीवर, कठड्याच्या गजांमधून पाय बाहेर सोडून बसली होती. दारात सासूबाई, खुर्ची बाहेर काढून.

"रडली?"

"नाही रडली," सासूबाई म्हणाल्या. "रडली असती तर बरं झालं असतं. तीन तास तिथेच. जेव म्हटलं, तर म्हणे, आई आल्यावर भूक लागेल."

भिंगरी माझ्या पिशवीत डोकावली. "हे चाकाचे नवे दात?"

"हो."

"दुधाचे की मोठे?"

संध्याकाळी सातला पानेमामा आले, हातपाय धुऊन, खिशात पाना. डिझेल मुरलं होतं. एक बोल्ट सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याने कुरकुर केली, चौथ्याला त्यांनी एक शिवी दिली आणि मग भिंगरीकडे बघून "म्हणजे, लबाड आहे हा" असं म्हणाले. जुनं स्प्रॉकेट निघालं. त्यांनी काठ फडक्याने पुसला, नवं उचललं, दोन्ही हातांनी धरून वर ठेवलं.

बसेना.

त्यांनी फिरवलं. उलटं केलं. पुन्हा ठेवलं. हाताच्या तळव्याने एक हलकी थाप दिली. काठावर ते नुसतं टेकून राहिलं, लहान मुलाची टोपी मोठ्या माणसाच्या डोक्यावर राहावी तसं.

"भोक लहान आहे," पानेमामा म्हणाले. "हे आधीच्या गाडीचं. आपली नंतरची."

"पण माप घेतलं होतं. त्यांनी कागद ठेवून बघितला."

"बसत नाही तर नाही. पोरी, लोखंडाला समजावता येत नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या आत काहीतरी सैल पडलं. छान सैल. घट्ट बूट काढल्यासारखं. मी धडपड केली होती, सगळ्यांनी बघितलं होतं; झालं नाही, आता कुणाचा बोल नाही. मास्टरबाईंना फोन करायचा, गाडी नादुरुस्त आहे म्हणायचं. सोमवारी सकाळी भिंगरीच्या पोटावर हात ठेवून सातपर्यंत झोपायचं. मी जमिनीवर बसून होते आणि ते सैल पडणं अंगभर पसरू देत होते.

"म्हणजे आता सोमवार नाही होणार?" भिंगरीने विचारलं.

तिच्या आवाजातला तो आनंद ऐकून मला लाज वाटली. माझ्या मनातलंच ती मोठ्याने बोलली होती म्हणून. काहीतरी करायचं म्हणून मी तो खाकी कागद उचलला आणि चाकावर ठेवला. कागदही बसेना. मधला गोल काठावर अडकला. आणि मग मला ती दिसली. कापलेल्या कडेच्या बाहेर, चारी बाजूंनी सारख्या अंतरावर, पेन्सिलची रेघ. माझीच. चाकाच्या काठाचं खरं माप ती रेघ होती, आणि मी कापलं होतं तिच्या पाव इंच आत.

गळा नेहमी रेघेच्या आत कापायचा. पाव इंच शिवणीसाठी. शिवल्यावर तो मोठा होतो आणि रेघेवर येतो. हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं; गोल दिसला आणि हाताने केलं. लोखंडाला दुमड घालून शिवायचं नसतं, हे हाताला कोण सांगणार?

"मामा," मी म्हटलं, "मी शिवणीची जागा सोडली."

"कसली?"

मी रेघ दाखवली. पानेमामांनी कागद हातात घेतला, चाकाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग त्यांना असं हसू फुटलं की पाना खाली पडला. "वीस वर्षांत," ते डोळे पुसत म्हणाले, "वीस वर्षांत पार्ट न बसायची शंभर कारणं ऐकली गं. हे नवीन."

सासूबाई खुर्चीतून वाकून बघत होत्या. "चाकाचा गळा शिवायला निघाली होतीस का? बाह्या पण लावायच्यास मग."

भिंगरीला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून ती गिरक्या घेत हसली. मीही हसले. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. दोन्ही एकाच नळातून येत होतं.

सासूबाईंनी ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा गुडघा चोळायला लागल्या. जरा वेळाने, कुणाकडेही न बघता, म्हणाल्या, "पाच वर्षं झाली तरी हात पाव इंच सोडतोच. एवढ्या दमलेल्या जिवाचा सुद्धा. त्या मास्टरबाईला आणखी काय बघायचंय?"

मघाचं ते सैल पडणं परत गोळा करून घट्ट करावं लागलं.

"उद्या दुकान उघडं असतं का?" मी पानेमामांना विचारलं.

"बारापर्यंत. आणि या वेळी कागद-बिगद नको. जुनंच लोखंड घेऊन जा."

रविवारी मी भिंगरीलाही सोबत घेतलं. पुन्हा तीन तास त्या पायरीवर तिला बसवणं माझ्याच्याने झालं नसतं. पहिली बस भरून गेली, दुसरी उशिरा आली. भिंगरी माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दोन स्प्रॉकेटं, जुनं आणि चुकीचं. अर्ध्या वाटेत तिला झोप लागली आणि त्या दोघांचं वजन माझ्या पायांना मुंग्या आणत राहिलं. तरी मला तिला मांडीवरून उतरवायचं नव्हतं.

साडेअकराला पोचलो. काका अर्धं शटर ओढून आत झाडत होते.

"काय झालं? बसलं नाही? अहो, केसाचा फरक नव्हता!"

"कागदात होता." मी सांगितलं. काही लपवलं नाही.

काकांनी झाडू भिंतीला लावला. "माझी आई शिवणकाम करायची," ते म्हणाले. "मी बघून ओळखायला हवं होतं. गोल इतका सफाईदार होता की मी म्हटलं, असली बाई चुकणार नाही." त्यांनी चुकीचं स्प्रॉकेट हातात फिरवून बघितलं. "ग्रीस लागू दिलं नाहीत. बरं केलंत. बदलून देतो." फळीपाशी गेले. खोकी सरकवली. परत आले ते रिकाम्या हातांनी. "दुसरं काल संध्याकाळीच गेलं. बुधवारी येईल."

"बुधवारी नाही चालणार."

"का?"

"सोमवारी आठला पोचायचंय मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भिंगरीकडे बघितलं, ती काउंटरखाली उकिडवी बसून जुन्या स्प्रॉकेटचे दात मोजत होती. "थांबा," ते म्हणाले आणि शिडी घेऊन वरच्या फळीवर चढले. धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन उतरले. "हे दुसऱ्या कंपनीचं. भोक मोठं आहे. पण दात त्रेचाळीस."

"एक जास्त."

"एक जास्त. बघू."

त्यांनी माझं जुनं स्प्रॉकेट काउंटरवर आडवं ठेवलं आणि नवं त्याच्यावर. मधल्या भोकांची कड बोटाने चाचपली, मग मला म्हणाले, "तुम्ही बघा. तुमचं बोट जास्त हुशार आहे." मी बोट फिरवलं. पायरी लागली नाही. चार भोकांतून चार बोल्ट सोडले, चारही खाली टपकले. जाडी मोजली. साखळीचा एक तुकडा त्यांनी नव्या दातांवर ठेवला. प्रत्येक कडी दातावर निमूट बसली.

"एका दाताने गाडीचं काही अडत नाही," काका म्हणाले. "चढ जास्त चांगला चढेल. पळायला किंचित कमी. प्रश्न एकच, तुमची साखळी पुरेल का. चाक थोडं पुढे सरकवता यायला हवं. मिस्त्रीला विचारा."

मी पानेमामांना फोन लावला. तिकडे ते जेवत होते बहुतेक. "किती दात? त्रेचाळीस? थांब." खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दाराचा, मग त्यांचा आवाज घुमायला लागला. ते हातातला घास ठेवून गाडीपाशी गेले होते. "पुढे जागा आहे," ते म्हणाले. "दोन खुणांची. आण. पण सांगून ठेवतो, बसलं नाही तर..."

"तर मी आणलंय," मी म्हटलं. "शिव्या मला."

दोन वाजता आम्ही घरी पोचलो. मी जेवले की नाही आठवत नाही. सासूबाईंनी ताट वाढून झाकून ठेवलं होतं, भिंगरीचं तिने संपवलं. खाली गाडीपाशी पानेमामांनी पोतं अंथरलं होतं. सासूबाई कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत, तीन जिने उतरून आल्या; गुडघ्यांमुळे महिन्याभरात पहिल्यांदाच. "म्हटलं, गळा बसतो का बघू," एवढंच बोलल्या.

पानेमामांनी काठ पुसला आणि स्प्रॉकेट माझ्या हातात दिलं. "तूच ठेव."

मी ठेवलं. एक क्षण ते अडकल्यासारखं वाटलं. ते अडकावं असं वाटत होतं, की अडकू नये असं, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. मग किंचित फिरवलं आणि ते खाली गेलं. आवाज सुद्धा झाला नाही. चार बोल्ट. चाक जागेवर. साखळी दातांवर. पानेमामांनी चाक दोन खुणा पुढे सरकवलं, नट आवळले, साखळी बोटाने वरखाली हलवून बघितली आणि मग चाकाला एक झोका दिला. चाक फिरत राहिलं. कट-कट नाही, कुरकुर नाही. साखळी दातांवरून पाण्यासारखी जात राहिली.

"बसलं," पानेमामा म्हणाले.

"बसलं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि पायरीवर टेकल्या. "आता सकाळी सातला निघ. दूध मी तापवीन. हिची वेणी पण घालीन. पायरीवर बसली तर मीही बसेन शेजारी, काय करणार."

मी गाडी सुरू करून अंगणात एक फेरी मारली, मग फाटकाबाहेरच्या चढावर नेली. चढली. मूठ पिळली तशी चढली, काही न बोलता. वर पोचून मी क्षणभर इंजिन चालू ठेवून उभी राहिले. आनंद झाला होता, पण तो अंगात कुठे ठेवावा एवढी जागा शिल्लक नव्हती. सगळीकडे झोपच झोप होती.

खाली आले. पानेमामा हत्यारं आवरत होते. भिंगरी मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. गिरकी नाही, काही नाही. एक बोट नव्या दातावर ठेवून. बोट काळं झालं होतं.

"हात लावू नकोस, राणी, गरम असेल."

तिने बोट काढलं. बघितलं. फ्रॉकला पुसलं.

"आई."

"काय गं?"

"हे बसलं नसतं, तर तू राहिली असतीस?"